तहान, वजन, नंबर

२ फेब्रुवारी

कोचने आम्हा सगळ्यांना वही ठेवायला लावली आहे. सकाळी उठल्याबरोबर नाडी, मग वजन, मग झोप किती झाली ते, आणि शेवटी मनात जे असेल ते. "खोटं लिहायचं नाही मॅडम. वही कुणी बघणार नाही, मीसुद्धा नाही," म्हणाला. कोच आधी जलतरण तलावावर जीवरक्षक होता, त्यामुळे त्याला सगळी माणसं बुडायच्या बेतातच दिसतात.

नाडी ६४. वजन ६४.२. झोप साडेपाच तास. मनात: राग.

कशाचा राग, ते एका ओळीत मावणार नाही. त्रेचाळीस वर्षं वय. चष्म्याचं दुकान. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघायचं, "पहिलं स्पष्ट की दुसरं?" हे शंभरदा विचारायचं, आणि घरी आल्यावर आपल्याला कुणी काही विचारायचं नाही. लेक शिकायला दुसऱ्या शहरात गेली आणि घरात दोन माणसं उरली, मी आणि नवरा. नवरा छापखान्यात प्रुफं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो, म्हणून घरी काढत नाही. घरी काहीच करत नाही.

११ मेला स्पर्धा आहे. तलावात दीड किलोमीटर पोहायचं, बाहेर येऊन चाळीस किलोमीटर सायकल, आणि सायकलवरून उतरून दहा किलोमीटर पळायचं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने पुरवणीवरून मान वर केली आणि म्हणाला, "एकाच दिवशी?" त्याला एवढंच सुचलं.

८ फेब्रुवारी

नाडी ६२. वजन ६४.४. वाढलं!

आहाराचा तक्ता मिळाला. ओट्स चाळीस ग्रॅम, दोन अंडी, उकडलेला बटाटा दीडशे ग्रॅम, केळं पळून आल्यावर. किचनमध्ये वजनकाटा आणला. मी साडेचारला उठते तेव्हा नवराही उठतो आणि अंडी उकडायला ठेवतो. भांड्यांचा एवढा आवाज करतो की माझी मोजायची नाडी चार ठोके वर जाते. आज अंडी जास्त उकडली होती. सांगितलं तर म्हणाला, "उद्या घड्याळ लावतो." उद्या म्हणे.

१६ फेब्रुवारी

दर रविवारी कोच एक गोल काढायला लावतो. त्याचे चार भाग: काम, घर, शरीर, विश्रांती. कुठे किती लक्ष दिलं तेवढा भाग रंगवायचा. म्हणजे आयुष्याचा तोल कळतो. मी घराचा भाग पूर्ण रंगवला. घर व्यवस्थित चाललंय. कपडे धुतलेले असतात, बाटल्या भरलेल्या असतात, पोहायचा सूट वाळत टाकलेला असतो. क्लबातली बँकवाली म्हणाली, "अगं, तुझं घर म्हणजे हॉटेल आहे की काय?" तिच्या नवऱ्याने तिची सायकल रागाने गच्चीवर नेऊन ठेवली होती. माझ्याकडे निदान ती कटकट नाही.

दुकानात आज एक निवृत्त मास्तर आले होते. सहा महिन्यांपूर्वी मीच नंबर काढून दिला होता. म्हणाले चष्मा चुकीचा दिलात. तपासलं तर नंबर एकदम एकने सरकलेला. आवाज न चढवता विचारलं, "साखर तपासली होती का कधी?" नाही म्हणाले. "आधी रक्त तपासून या, मग चष्मा बदलू." या वयात नंबर असा उड्या मारत नाही. रक्तातली साखर वाढली की डोळ्याचं भिंगच फुगतं, आणि माणूस चष्मेवाल्याला शिव्या देतो. वीस वर्षांत असे किती जण मी पकडले असतील! कार्डावर पहिला रकाना तोच असतो, साखर आहे का? प्रत्येकाला विचारते.

१९ फेब्रुवारी

मास्तर आले होते. साखर तीनशेच्या वर. हात जोडून म्हणाले, "बाई, तुमची नजर फार बारीक." दिवस चांगला गेला. पळताना अजिबात दम लागला नाही.

२७ फेब्रुवारी

नाडी ६०. वजन ६३.९.

माझ्या पावडरचा डबा अर्ध्यावर आलाय. लिंबाच्या चवीची, पाण्यात घालून प्यायची, लांब सायकल चालवताना अंगात ताकद राहावी म्हणून. असतं काय त्यात, साखर आणि मीठ, पण मोजून वापरायचं असतं. मी मोजून वापरते, मग संपली कशी? विचारलं तर नवरा म्हणाला, "मी घेतली थोडी. हल्ली तहान फार लागते गं, साध्या पाण्याने भागतच नाही." खुर्चीत बसून प्रुफं वाचणाऱ्या माणसाला कसली आलीय तहान! मी तीन तास सायकल मारून येते, घसा माझा कोरडा पडायला हवा. डबा माझ्या कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये.

६ मार्च

नाडी ६७. झोप चार तास दहा मिनिटं, तीही तुकड्यातुकड्यांनी. घड्याळ दाखवतं ना, किती वेळा जाग आली ते. पाच वेळा. पाचही वेळा तो बाथरूमला गेला म्हणून. एवढं पाणी ढोसल्यावर दुसरं काय होणार? त्याला सांगितलं, स्पर्धा होईपर्यंत बाहेरच्या खोलीत झोप. "हो, बरोबर आहे, तुला झोप हवी," म्हणाला आणि उशी घेऊन गेला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं.

१४ मार्च

लेकीचा व्हिडिओ कॉल. मी मुद्दाम उभी राहिले, दंड दिसावा म्हणून. ती म्हणाली, "आई, बाबा किती बारीक झालेत!" मी दीड महिना ग्रॅम ग्रॅम मोजून खातेय, आणि बारीक कोण झालं? बाबा!

कॉल संपल्यावर त्याला काट्यावर उभं केलं. ७२. जानेवारीत लेक घरी आलेली तेव्हा सगळ्यांनी गंमत म्हणून वजन केलं होतं, तेव्हा ७८ होता. सहा किलो! मी सातशे ग्रॅम. "काय करतोस तू?" विचारलं तर हसला. "तुझा गुण लागला असेल." दोन वेळा पोटभर जेवतो, वर पाव खातो, आणि सहा किलो. जगात न्याय म्हणून काही नाही. पुढच्या पानावर त्याच्यासाठी एक रकाना आखलाय. बघतेच आता.

२२ मार्च

नाडी ५९. वजन ६३.३. त्याचं ७१.

छापखान्याच्या मालकाचा त्याला फोन होता. एका फॉर्मात, म्हणजे सोळा पानांत, अकरा चुका सुटल्या. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. तो म्हणाला, "अक्षरं पुसट दिसतात. सकाळी एक दिसतं, संध्याकाळी दुसरंच." दुकान बंद व्हायच्या वेळी त्याला खुर्चीत बसवलं.

"पहिलं की दुसरं?"

"दोन्ही सारखंच."

"नीट बघ. पहिलं की दुसरं?"

"तू कुठलं म्हणतेस?"

"परीक्षा तुझी आहे, माझी नाही!"

जानेवारीतल्या उणे सव्वाचे उणे पावणेतीन झाले. दोन महिन्यांत दीड नंबर! असा कसा होईल? मशीनवर संशय आला म्हणून स्वतःचे डोळे तपासले, बरोबर आले. म्हणजे हा लक्ष न देता उत्तरं देतोय. माझं पळायचं राहून गेलं आणि हा खुर्चीत बसून मस्करी करतोय. कार्ड पुढे ओढलं, जुन्या कार्डावरचं सगळं उतरवलं, नवा नंबर लिहिला, सही केली. चष्मा चार दिवसांनी.

२६ मार्च

चष्मा दिला. म्हणाला, "हा जास्त झाला बहुतेक." परत बसवला. उणे दोन! चार दिवसांत पाऊण नंबर कमी. मी चिमटा फेकला टेबलावर. "तुला मुद्दाम करायचं असेल तर सरळ सांग." तो म्हणाला, "मी कशाला मुद्दाम करू गं?" आणि जुना चष्मा घालून गेला. मला वाटतं त्याला माझं हे सगळं खुपतंय. तोंडाने बोलत नाही, असं डोळ्यांतून काढतो.

५ एप्रिल

नाडी ५७. वजन ६२.६. त्याचं ६९.५.

कोच म्हणाला, आता तुमचा आहार बसला. हो, बसला. रात्री मी उकडलेली कोंबडी आणि भाजी खाते, तो समोर बसून भात खातो आणि भात त्याच्या अंगाला लागत नाही. पँट सैल झाली म्हणून पट्ट्याला नवीन भोक पाडलं त्याने, खिळ्याने. मला त्या खिळ्याचासुद्धा राग आला. इतकं सोपं आहे का? मग मी कशाला मरतेय?

हे लिहिताना लाज वाटली, पण खोटं लिहायचं नाही असं ठरलंय.

१३ एप्रिल

आज जे झालं ते मी विसरणार नाही.

ऐंशी किलोमीटरची सायकल होती. पन्नासाव्या किलोमीटरला, जुन्या विटांच्या भट्टीपाशी, त्याने स्कूटरवरून भरलेल्या बाटल्या आणून थांबायचं ठरलं होतं. ऊन डोक्यावर. माझ्या दोन्ही बाटल्या संपलेल्या. भट्टीपाशी पोचले तर स्कूटर उभी, आणि हा झाडाखाली झोपलेला. बूट काढून! बाटल्या शेजारी, त्यातली एक रिकामी. माझं पाणी पिऊन झोपलाय! हाका मारल्या तरी उठेना. खांदा धरून हलवला तेव्हा डोळे उघडले आणि म्हणाला, "पाय जड झालेत गं. दोन मिनिटं बसलो होतो."

उरलेली बाटली घेतली आणि निघाले. मागे वळून बघितलंसुद्धा नाही. शेवटचे तीस किलोमीटर रागाच्या भरात आजवरच्या सगळ्यात कमी वेळात झाले.

१८ एप्रिल

पाच दिवस बोलले नाही. तो मात्र रोज अंडी उकडतोय, घड्याळ लावून. आता अगदी हवी तशी होतात. तरी बोलले नाही.

नाडी ५५. वजन ६२. त्याचं माहीत नाही, विचारायचं म्हणजे बोलावं लागेल.

२९ एप्रिल

बोलणं सुरू झालं. सुरू झालं म्हणजे, मीठ कुठे, किल्ली कुठे.

आज वाकून माझ्या बुटाची नाडी सोडवत होता (माझी पाठ धरली होती, त्याने स्वतःहून केलं), तेव्हा त्याच्या तोंडाला वास आला. गोडसर, नखांचं पॉलिश पुसायच्या द्रवासारखा. संध्याकाळी तलावावर बँकवालीला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, चरबी जळायला लागली की असाच वास येतो! त्यासाठी माझी बहीण दोन महिने भात-पाव सोडून बसलीय. तुझ्या नवऱ्याला फुकटात जमलं?" आम्ही दोघी हसलो. हसले खरी, पण पाण्यात उतरल्यावर डोळे भरून आले. पोहण्याच्या चष्म्यात पाणी साचलं तर बाहेरचं की आतलं, कुणाला कळत नाही. मी पहाटे उठून, भुकेली राहून, पाय सोलून घेऊन जे मिळवायला बघतेय ते त्याला सोफ्यावर पडून मिळालं.

त्याचं वजन, ६६.

७ मे

नणंद आली होती. दोन गल्ल्या सोडून राहते, शिवणकाम करते, आमच्याकडची एक किल्ली तिच्याकडे असते. दादाला बघून तिने पिशवी खालीच टाकली. "वहिनी, दादाचं हे काय झालंय? गालफडं बसलीत. डॉक्टरला दाखवलंत का?"

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "अकरा तारखेनंतर बघू. तिची स्पर्धा होऊ दे."

"दादा, स्पर्धा कसली, तुझा चेहरा बघ आरशात!"

"चार दिवसांनी काय बिघडतंय? उगाच तिचं लक्ष उडेल."

मी म्हटलं, "बारा तारखेची वेळ घेते." खरंच घेतली, दुपारी फोन करून. पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मनातून जात नाही. शिंपिणीची नजर, टाका कुठे उसवलाय ते बरोबर बघते. जणू काही मीच त्याला उपाशी ठेवलंय. उलट त्याचंच जेवण जास्त आहे.

१० मे

नाडी ५४. वजन ६१.१. झोप यायचं नाव नाही.

माझा क्रमांक ३१७. त्याने तो कागद टी-शर्टवर ठेवून चारही कोपऱ्यांना पिना लावून दिल्या, सरळ रेषेत, पट्टीने मोजून. मग बाथरूममध्ये जाऊन उलटी केली. दुपारपासून तिसरी. पोट दुखतंय म्हणतो. लेक तिसरीला होती तेव्हा माझ्या दुकानाचं उद्घाटन होतं, त्या दिवशीही याला ताप आला होता. माझा दिवस आला की याच्या अंगात काहीतरी येतंच. असं वाटलं, आणि वाटलं तेच लिहितेय.

११ मे, पहाट

तो येत नाहीये. उठून बसला, पण भिंतीला टेकून. जोरजोरात श्वास घेतोय, जिना चढून आल्यासारखा. म्हणाला, "तू जा. उशीर होईल. मी पडून राहतो, बहिणीला फोन करेन लागलं तर."

वाईट वाटलं. कपाट उघडलं, डबा काढला, मोठी बाटली भरून पावडर घातली, नेहमीपेक्षा एक चमचा जास्तच, आणि त्याच्या उशाशी ठेवली. "उलट्यांनी अंगातलं पाणी जातं. दर पंधरा मिनिटांनी दोन घोट घे, तरतरी येईल." त्याने बाटली दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाला, "ही तर तुझी." मी म्हटलं, "घे आज."

टॅक्सी आली.

१४ मे

तीन दिवसांनी लिहितेय. अतिदक्षता विभागाच्या बाहेर निळ्या खुर्च्या आहेत, त्यातल्या एकीवर. नाडी मोजली नाही.

क्रमाने लिहिते. तीन तास आठ मिनिटांत शर्यत पूर्ण केली. ठरवलं होतं त्यापेक्षा सात मिनिटं कमी. गळ्यात पदक घातलं, केळं दिलं, कोचने पाठीवर थाप मारली. फोन बॅगेत होता. काढला तर नणंदेचे सव्वीस मिस्ड कॉल. तिने दहा वाजता सहज फोन केला होता त्याला, उचलला नाही, म्हणून किल्लीने दार उघडून आत गेली. तो जमिनीवर पडलेला, हाकेला ओ नाही. बाटली रिकामी.

साखर सहाशे चाळीस.

मी तिथे पोचले ती त्याच कपड्यांत, ३१७ क्रमांकासकट, पदक गळ्यात तसंच. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. म्हणाल्या, अंगात इन्सुलिन तयार होणं जवळजवळ बंद झालंय, हा मधुमेह मोठ्या वयातही असा अचानक येतो, बारीक माणसालाही येतो. रक्तात आम्ल साचलं, म्हणून तो श्वास, म्हणून त्या उलट्या. "तोंडाला वास येत होता का? गोडसर?" मी मान हलवली.

"सकाळी काही प्यायले होते का?"

सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. अडीच महिने मी तो डबा कुलपात ठेवला, कंजुषी म्हणून. आणि एकदाच, प्रेमाने दिला, तर तो असा.

नणंद माझ्याशेजारी बसत नाही. पलीकडच्या रांगेत बसते.

१५ मे

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्रास नेमका कधीपासून? तहान कधी सुरू झाली, वजन किती दिवसांत किती उतरलं? "अंदाजे सांगितलंत तरी चालेल, घरच्यांच्या लक्षात नसतंच बहुधा."

वही बॅगेतच होती. मी उघडली आणि वाचत गेले. २७ फेब्रुवारी, जास्त तहान. ६ मार्च, रात्री पाच वेळा लघवी. १४ मार्च, वजन ७२, आधी ७८. २२ मार्च, नजर पुसट, नंबर उणे पावणेतीन. २६ मार्च, उणे दोन. १३ एप्रिल, उन्हात ग्लानी, पाय जड. २९ एप्रिल, तोंडाला वास, वजन ६६. मधली वाक्यं गाळत गेले. जीभ दोनदा अडखळली, कारण गाळायचं फार होतं.

त्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. "इतकी पूर्ण माहिती मला आजवर कुणी दिली नाही," म्हणाल्या. "तुम्ही काय करता?"

चष्म्याचं दुकान आहे, म्हटलं.

त्यांनी मान डोलावली आणि पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१६ मे

औषधाच्या खर्चासाठी चेकबुक आणायला घरी गेले, तिथून दुकानात. कुलूप उघडून त्याचं कार्ड काढलं. पहिला रकाना. साखर आहे का? नाही. माझं अक्षर. त्याआधीच्या कार्डावर, नाही. त्याआधीच्या, नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या पहिल्या कार्डापर्यंत गेले. प्रत्येक वेळी मी आधीच्या कार्डावरून उतरवलं होतं. रस्त्याने येणाऱ्या प्रत्येक माणसाला तोंडाने विचारते मी. याला एकदाही विचारलं नाही.

मास्तर त्याच वेळी दारात आले, नवीन चष्म्याबद्दल पेढ्यांऐवजी बिस्किटांचा पुडा घेऊन. दुकान बंद आहे म्हणून सांगितलं.

१७ मे

शुद्धीवर आला. ओठ फुटलेत, आवाज येत नाही नीट. मी वाकले. पहिलं वाक्य काय बोलावं त्याने?

"वेळ किती लागला?"

सांगितला. तीन तास आठ.

"सात मिनिटं कमी," म्हणाला आणि डोळे मिटले. त्याला पाठ होतं मी किती ठरवलं होतं ते. मी कुणाला सांगितलं नव्हतं. फ्रिजवर चिकटवलं होतं फक्त.

२१ मे

साध्या खोलीत हलवलं. डाव्या पायाच्या बोटांना स्पर्श कळत नाही अजून. येईल की नाही, सांगता येत नाही म्हणतात. मूत्रपिंडांना मार बसलाय, त्याचं नंतर बघायचं. सुई दिवसातून चार वेळा, जन्मभर.

दुपारी त्याने माझ्यादेखत स्वतःची फाइल मागून घेतली. वाचल्याशिवाय त्याला चैन कुठे पडतं. जुना चष्मा लावून, अंतर कमी-जास्त करत पहिलं पान वाचलं. मग परत वाचलं. मी सफरचंद मोजत होते, ऐंशी ग्रॅम.

"हे तू सांगितलंस?"

"हो."

"तारीखवार?"

"हो."

फाइल छातीवर ठेवून तो छताकडे बघत राहिला. मला वाटलं, आता बोलेल. बोलावं, असंही वाटलं. एकदा तरी आवाज चढवावा याने.

"मला वाटायचं, तुझं माझ्याकडे लक्षच नाही," म्हणाला. "आणि तू तर माझं वजन लिहून ठेवत होतीस. रात्री मी कितीदा उठलो तेसुद्धा." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझा हात धरला. सुईच्या जागी निळा पडलेला हात.

मी हात काढून घेतला नाही. काही सांगितलंही नाही.

"ती वही घरी गेल्यावर दाखव मला," म्हणाला.

नणंद दारात उभी होती, डबा घेऊन. तिने सगळं ऐकलं. आत आली, आणि दहा दिवसांत पहिल्यांदा माझ्या शेजारी बसली. तेही मला सहन झालं नाही.

२ जून

घरी येऊन चार दिवस झाले. किचनचा वजनकाटा आता त्याच्यापुढे असतो. भात साठ ग्रॅम, बटाटा नाही. तो घड्याळ लावून सुई घेतो. सायकल भिंतीला टेकून उभी आहे, मागच्या चाकातली हवा गेलीय. कोचचा फोन आला होता, पुढच्या मोसमाचं विचारत होता. मी उचलून परत ठेवला.

वही रोज मागतोय. मागतोय म्हणजे आठवण करतो, हसून. "प्रुफं तपासून देतो, फुकट."

७ जून

एक युक्ती सुचली होती. डॉक्टरांना हवी म्हणून, असं सांगून कोऱ्या कागदांवर सगळं नीट उतरवायचं. तारीख, तहान, वजन, नंबर. बाकीचं नको. दुकानात बसून उतरवलं. चांगल्या अक्षरात, पट्टीने रेघा मारून. दीड पान झालं.

वहीची पानं मोजली. बेचाळीस.

दीड पान त्याच्याकडे लक्ष होतं. उरलेली साडेचाळीस पानं मी काय बघत होते? कागद घडी घालून पर्समध्ये ठेवले, आणि घरी येताना कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्याला ते आवडले असते. जन्मभर जपून ठेवले असते त्याने.

८ जून

सकाळी त्याला दुकानात नेलं आणि खुर्चीत बसवलं. नवीन कार्ड घेतलं. पहिला रकाना तोंडाने विचारला. "साखर आहे का?" तो हसत सुटला. "आहे बाई, आहे." लिहिलं.

पहिलं की दुसरं? पहिलं. पहिलं की दुसरं? दुसरं. एकदाही अडखळला नाही. दोन्ही डोळे उणे सव्वा, पूर्वीइतकेच. मार्चमधला चष्मा मी मोडून टाकला.

"म्हणजे आता बारीक अक्षरंही वाचता येतील?" विचारलं त्याने.

येतील, म्हटलं.

आता संध्याकाळ. मी आतल्या खोलीत बसलेय. तो बाहेर टेबलाशी आहे, जुना चष्मा लावून, लाल पेन पुढ्यात घेऊन, कामाला बसतो तसा. नणंद त्याला भेटून आत्ताच गेली. जाताना मला म्हणाली, "वहिनी, माझं चुकलं. मी काय काय मनात आणलं होतं तुमच्याबद्दल."

तो हाक मारतोय. "अगं, देतेस ना?"

खोटं लिहायचं नाही असं ठरलं होतं, आणि वही कुणी बघणार नाही असंही. त्यातलं दुसरं आता मोडतेय, आणि हे वाक्य संपलं की उठून त्याला ती देणार आहे.